अकरा गुरांचा गॅस

१४ जानेवारी १९८८. संक्रांत.

"तुह्या चुलीचा धूर माह्या ओसरीत येऊ देऊ नको."

सोळा वर्षांपूर्वी, वाटणीच्या दिवशी, माझ्या मोठ्या जाऊबाई वच्छलाबाई मला एवढंच म्हणाल्या होत्या. बैल वाटले, भांडी वाटली, अंगणात मधोमध भिंत घालायचं ठरलं, आणि जाता जाता त्यांनी हे वाक्य माझ्याकडे टाकलं. मी ते केव्हाच विसरले. मनात धरून ठेवायचा माझा स्वभाव नाही. फक्त त्या दिवशी बुधवार होता, बाईंनी हिरवं लुगडं नेसलं होतं, आणि त्यांच्या हातात जी पितळी परात होती ती खरं म्हणजे माझ्या वाट्याची होती.

आज त्यांच्याकडे हळदीकुंकू. थोरला मुलगा मंचेरियलला कोळशाच्या खाणीत लागल्यापासून बाईंकडे कोळशाची पोती येतात. शेगडी अंगणात पेटवायची, धूर निघून गेला की उचलून आत न्यायची. गावातल्या सगळ्या बाया त्या शेगडीवरचा चहा प्यायल्या. भिंतीच्या अलीकडे मी चुलीतल्या कपाशीच्या पऱ्हाट्या फुंकत बसले होते. बाई भिंतीवरून म्हणाल्या, "राहे, ये नं वो, चाहा घे. डोये पाह्य कसे लाल झाले तुहे." वीस बायकांपुढे माझे डोळे लाल असल्याचं जाहीर केलं. मी गेले नाही.

संकल्प. या वर्षात अशी चूल घालीन जिला धूरच नाही. मग ओसरीत बसून बाईंनी नाक वर करून हुंगत राहावं.

ही डायरी खताच्या दुकानदाराने यांना दिली. यांना लिहायचं काही नसतं. मी पांढरकवड्याच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली आहे, तेव्हा सूड मराठीत व्यवस्थित लिहून ठेवता येईल.

१५ जानेवारी.

दुसरा संकल्प. वर्षभर बाईंशी बोलायचं नाही.

१६ जानेवारी.

बोलावं लागलं. त्यांची म्हैस आमच्या तुरीच्या गंजीला लागली होती. म्हशीविषयीचं बोलणं धरायचं नाही.

२४ जानेवारी. दुपार.

रेडिओवर भाषण ऐकलं. कोळसा आणि तेल ही जमिनीतली ठेव आहे, उपसली की संपते. ऊन, वारा आणि शेण संपत नाहीत. देश आता त्या वाटेने निघाला आहे. शेणापासून घरोघरी गॅस होणार, निळी ज्योत, धूर नाही.

मी निवडता निवडता उठून उभी राहिले. सूप पडलं. म्हणजे मी एकटी नव्हते तर. दिल्ली माझ्या बाजूला आहे.

यांना सांगितलं. हे म्हणाले, "आधी भाकर वाढ." मोठ्या कामाला घरातूनच पहिला विरोध होतो.

५ फेब्रुवारी.

मंडल ऑफिसातून राजलिंगमसाहेब आले. शेणगॅसचं काम त्यांच्याकडे आहे. सज्जन माणूस, तेलुगू-हिंदी एकत्र बोलतात, चहात तीन चमचे साखर घेतात. त्यांनी दरखास्त भरायला घेतली. लहान प्लान्टला एक बर्नर, चार गुरं पुरतात. मोठ्याला दोन बर्नर, पण गुरं दहा-अकरा तरी पाहिजेत.

बाईंची शेगडी एक आहे. मला बर्नर दोन पाहिजेत.

"पशुवुलु कितने, अम्मा?" साहेबांनी विचारलं.

अकरा, मी म्हणाले.

हे छताकडे पाहायला लागले.

आमच्या गोठ्यात दोन बैल, एक गाय आणि एक म्हैस. पण बाईंच्या गोठ्यात सात आहेत. चार आणि सात अकरा. तलाठ्याच्या पहाणीत जमिनीचं खातं अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे. ते जाऊन बारा वर्षं झाली. सरकारदरबारी आमची वाटणी झालेलीच नाही, मग गुरं वेगळी कशी होतील? मी खोटं बोलले नाही. सरकारच्या कागदाला धरून बोलले.

२२ फेब्रुवारी.

आज मुआयना होता. साहेब गुरं मोजायला येणार म्हणून गावची गुरं चारणाऱ्या दादाजीला कालच सांगून ठेवलं होतं, की संध्याकाळी बाईंची सात माझ्या अंगणात वळव. तो म्हणाला, "मोठ्या बाईले इचारलं का?" मी म्हणाले, तू गुरं वळव, बाया वळवायचं तुझं काम नाही.

कळप आला. दादाजीने हाका मारल्या, काठी आडवी धरली, शेपट्याही ओढल्या. सातही जनावरं माझ्या फाटकासमोरून मान न वळवता गेली आणि बाईंच्या दारात शिरली. माणसं घातलेल्या भिंती विसरतात, जनावरं विसरत नाहीत.

साहेब पेन उघडून उभे. बाई त्यांच्या दारात. साहेबांनी भिंतीवरून विचारलं, "ये किसके हैं?" आता बाई म्हणणार, माझे. मग दरखास्त गेली, बर्नर गेले, वर्ष गेलं.

बाई म्हणाल्या, "घरकेच हैं, साब. लिख लेव. उनका हमारा एकच है."

साहेबांनी अकरा लिहिलं.

किती पोचलेली बाई! एका वाक्यात माझ्या दरखास्तीवर उपकाराचा शिक्का मारून मोकळी. वर आत जाता जाता माझ्याकडे पाहून हसली. हे मी लक्षात ठेवणार आहे.

३ मार्च. होळी.

खड्डा खणणं चालू आहे. डोमाजी गवंड्याने दहा दिवसांचं ट्रेनिंग घेतलंय. आधी गॅसचे किती घुमट बांधले, असं विचारलं तर म्हणतो, "एक बांधला नं वो बाई. तो बी उभाच हाय." तो बी म्हणजे काय, ते विचारलं नाही.

शेण साठवते आहे. महिनाभर एक गवरी थापली नाही. आज गल्लीतल्या पोरी होळीच्या चाकोल्यांसाठी शेण मागायला आल्या. बोटाएवढ्या चाकोल्या थापून त्यांचे हार होळीला घालतात, तेवढ्याला कितीसं लागतं? पण आज चाकोल्यांना दिलं तर उद्या आणखी कशाला. शेणाचा एक पो मिळणार नाही म्हणून सांगितलं. पोरी "राहीबाई शेणखाई" ओरडत बाईंच्या दारात गेल्या. तिथे टोपलंभर मिळालं असणार. दुसऱ्याला वाईट दिसावं म्हणून चांगलं वागायचं, ही त्यांची जुनी रीत.

दुपारी बाई भिंतीवरून खड्ड्यात डोकावल्या. "विहीर खांदून राह्यली का वो? पाणी लागलं तं आमाले बी देजो."

उत्तर दोन तासांनी सुचलं. पाणी नाही, आग लागणार आहे. भिंतीजवळ जाऊन मोठ्याने म्हटलं. बाई वावरात गेल्या होत्या.

२१ एप्रिल.

घुमट उभा आहे. डोमाजीला मी नारळ दिला, त्याने घुमटावरच फोडला आणि मग घुमटाला चीर तर गेली नाही ना म्हणून आम्ही दोघं अर्धा तास पाहत बसलो.

आता पहिला भरणा. साहेब म्हणतात, आठ गाड्या शेण एकदम घालावं लागतं, मग आत कुजून गॅस धरतो. माझ्याकडे दोन गाड्या आहेत. सहा कमी. आखरावर गुरं उभी राहतात तिथलं शेण दादाजीचं, तो त्याचा पिढीजात हक्क आहे. तो म्हणतो, "हक सोडला तं माहा बाप वरून उतरन."

संध्याकाळी टोपलं घेऊन निघाले. उजेडात शेण मागत फिरायचं म्हणजे बरं दिसत नाही, म्हणून जरा अंधारून आल्यावर. सात घरी गेले. सातही घरी देवापुढे दिवा लागलेला. दिवा लागल्यावर शेण घराबाहेर दिलं तर लक्ष्मी जाते. मी स्वतः सव्वीस वर्षांत कधी कुणाला दिलं नाही. चंपाबाई म्हणाली, "दिवसा ये नं वो, राहीबाई. कायले लपतं?"

मी लपत नव्हते. ऊन होतं म्हणून थांबले होते.

२९ एप्रिल.

दोन दिवस लग्नाला गेलो होतो. परत आलो तर खड्डा काठोकाठ भरलेला. डोमाजी सांगत होता, बाईंचे दोन गडी सकाळपासून गाड्या आणून ओतत होते. त्यांच्या गोठ्यामागचा ढीग साफ झाला आहे.

म्हणजे आपल्या घरची घाण माझ्या खड्ड्यात! पावसाळ्याआधी तो ढीग त्यांना उचलावाच लागला असता. आयती जागा सापडली. माझ्या प्लान्टचा त्यांनी उकिरडा केला.

हे म्हणाले, "वैनीले दोन शब्द बोलून ये." बोलणारच आहे. कोणते दोन, ते ठरवते आहे.

२ जून. सकाळ.

लागला!

राजलिंगमसाहेबांनी काडी ओढली. आधी फुस्स, परत फुस्स, आणि मग निळी ज्योत. कडेने गोल, आवाज नाही, धूर नाही. दुसरा बर्नरही लागला. साहेब म्हणाले, "अम्मा, देश आगे जा रहा है. आपके किचन से."

मी चहा ठेवला. डोळ्यांत पाणी आलं. सव्वीस वर्षांत या स्वयंपाकघरात धुराशिवाय कधी आलं नव्हतं. नवीन वस्तूची सवय नसते, दुसरं काही नाही.

पुढचं मागचं दोन्ही दारं उघडी टाकली, म्हणजे पलीकडून दिसावं. नऊ कप मांडले. बाई आल्या असत्या तर त्यांना चहा द्यायचा नाही, असं पक्कं ठरलं होतं.

आल्या नाहीत. नववा कप साहेबांना दिला. सूड घ्यायला माणूस समोर लागतं, एवढी साधी गोष्ट बाईंना कळत नाही.

२३ जून.

गॅस पहिल्या आठवड्यात सकाळी दोन तास चालला. मग एक तास. आता अर्धा. भाताला कण राहतो तेवढ्यात विझतो.

कारण सापडलं. बैल दिवसभर वावरात असतात. शेण वावरात पडतं. गाय आणि म्हैस दादाजीमागे जंगलात, त्यांचं तिकडे पडतं. प्लान्टच्या तोंडाशी मी रात्रीचं तेवढं उचलून आणते. देश पुढे चालला आहे आणि त्याचा खुराक वावराच्या धुऱ्यावर पडला आहे.

उपाय. यांनी औतामागून टोपलं घेऊन चालायचं.

२४ जून.

हे चालले. शेजारच्या वावरातून कुणीतरी ओरडलं, "उत्तमराव, बैल काही लेखी देऊन राह्यले का?" हे दुपारी घरी आले, टोपलं ठेवलं, म्हणाले, "मी पेरनी करतो, तू गॅस कर." परत गेले ते टोपल्याशिवाय.

तात्पुरती सोय म्हणून मागच्या पडवीत एक चूल घातली आहे. फक्त भात, वरण, भाकरी आणि आंघोळीच्या पाण्यापुरती. बाकी सगळं गॅसवर.

१७ जुलै.

भागीरथाचं पत्र. माझी एकुलती एक लेक, निर्मलला दिलेली. दिवस गेले आहेत! जानेवारीच्या मध्यावर तारीख. पहिलं बाळंतपण, आपल्याकडेच व्हायचं.

पण तिच्या सासूने खाली दोन ओळी लिहिल्या आहेत. हिला लहानपणापासून दम्याचा त्रास आहे, डॉक्टरने धुरात बसू देऊ नका म्हणून सांगितलंय. तुमच्याकडे धूर नसेल तरच पाठवू, नाहीतर बाळंतपण इथेच करू.

मी लगेच उत्तर लिहिलं. आमच्या घरी धूर इतिहासजमा झाला आहे. दोन बर्नरचा सरकारमान्य प्लान्ट आहे. पोरीला बिनघोर पाठवा.

तर आता एका बर्नरवर सूड आणि दुसऱ्यावर बाळंतपण. म्हणूनच मी दोन घेतले होते.

हे पत्र ऐकून म्हणाले, "लहानपनी तं ते वैनीच्याच ओसरीत झोपे. आपल्याकडं धुरानं तिचा जीव घाबरे म्हनून." यांना नको तेव्हा नको ते आठवतं. मी विषय बदलला. पानं लावून दिली. पान लावताना चुना जास्त झाला.

२८ सप्टेंबर.

गांधी जयंतीला वरचे साहेब येणार. तालुक्यातला आदर्श प्लान्ट म्हणून आमचा निवडला. फोटो, भाषण, आणि माझ्या हातचा चहा. गावाला बोलावणं. बाईंनाही. पहिल्या रांगेत बसवायचं, म्हणजे ज्योत नीट दिसेल.

गॅस आजपासून बंद ठेवते. चार दिवसांचा साठला की दणक्यात लागेल. तोवर पडवीतली चूल.

भाषण पाठ केलं. सुरुवात अशी आहे, "एके काळी मला कुणीतरी धुरावरून बोललं होतं." इथे थांबायचं आणि पहिल्या रांगेकडे पाहायचं.

२ ऑक्टोबर. संध्याकाळ.

भाषण झालंच नाही. वरच्या साहेबांना उशीर झाला, ते सरळ स्वयंपाकघरात शिरले. अकरा माणसं. काडी ओढली, ज्योत हातभर उठली, फोटो निघाला, टाळ्या. मोठे साहेब म्हणाले, अकरा गुरं, अकरा माणसं, चला, अकरा चहा होऊन जाऊ द्या.

पातेलं चढवलं. पाणी कोमट झालं आणि ज्योत बसली. मी किल्ली फिरवली. परत फिरवली. राजलिंगमसाहेबांच्या कपाळावर घाम. मी म्हणाले, चहा आत मुरतो आहे, आपण अंगणात बसावं.

पडवीतली चूल पेटवावी तर धूर दिसणार. तिथे उभी असताना मागच्या दाराने बाई आल्या. हातात मोठी किटली, मागे त्यांच्या गड्याच्या हातात कपबश्या. किटली माझ्या हातात दिली आणि आल्या तशा गेल्या.

साहेबांनी चहा घेतला. मोठे साहेब म्हणाले, गोबरगॅसच्या चहाला एक वेगळीच गोडी असते. राजलिंगमसाहेबांनी रिपोर्टात लिहून घेतलं, अकरा व्यक्तींचा चहा एकाच वेळी, वेळ सहा मिनिटं. देशाच्या कागदांत मंचेरियलचा कोळसा शेणाच्या नावाने चढला.

माझ्याच कार्यक्रमात घुसून त्यांनी गावाला चहा पाजला, आणि तेही कुणाला कळू न देता. यापेक्षा उघड भांडल्या असत्या तर उत्तर देता आलं असतं.

किटली घासून ठेवली आहे. अजून परत केली नाही. राहू दे वाट पाहत.

१८ ऑक्टोबर.

बाईंच्या दारात जीप. मुलाने मंचेरियलहून लाल सिलिंडर आणला. काचेसारखी शेगडी, दोन बर्नर.

दोन!

गल्ली पाहायला लोटली. मी गेले नाही. आमच्या पडवीतून नीट दिसतं.

यांना म्हणाले, रेडिओवर सांगितलंय, जमिनीतलं तेल पन्नास वर्षांत संपणार. मी पन्नास वर्षं थांबायला तयार आहे.

हे म्हणाले, "थांब. तोवर भाजी जळून राह्यली."

२० नोव्हेंबर.

भागीरथा आली. सातवा महिना. चेहरा भरलाय, डोळे तेच. जावईबापू पोचवून गेले. त्यांच्यासमोर गॅसवर चहा केला. लागला, शप्पथ लागला. सात मिनिटं.

थंडी पडली की आतलं शेण कुजत नाही, असं साहेबांनी मागे सांगितलं होतं. तेव्हा जून होता, मी थंडीकडे लक्ष दिलं नाही.

योजना अशी. भागीरथाने पुढच्या खोलीत बसायचं. मी मागच्या पडवीत भराभर स्वयंपाक करायचा. मधलं दार लावायचं, फटीत ओली गोणी.

२७ नोव्हेंबर.

गोणीने काही होत नाही. पोर खोकते. मी म्हणाले, निर्मलच्या प्रवासाची सर्दी आहे. ती म्हणाली, "व्हय, आई." लहानपणीही ती मला खोटं पाडत नसे.

५ डिसेंबर.

सकाळी बाईंनी भिंतीवरून हाक मारली, भागे, गरम पाणी काढलं, इकडेच न्हाऊन घे. ती गेली. दुपारी जेवायच्या वेळी मी हाक मारली. उत्तर आलं नाही. जाऊन पाहिलं तर बाईंच्या ओसरीत बाजेवर झोपली होती. तोंड मिटून. तोंड मिटून झोपलेली मी तिला आल्यापासून पाहिली नव्हती.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "उठवू नको वो. राहू दे इथं. छाती पाह्य, वाजत नाही आता."

संध्याकाळी भागीरथा उठून आली ती कपडे न्यायला. म्हणाली, "आई, राग नको धरू. मोठ्याईकडं श्वास येते." मी म्हणाले, राग कशाला धरू, जा. लुगडी घडी करून दिली. बाळाची कुंची राहिली होती, तीही नेऊन दिली.

वाटणीत बैल गेले, परात गेली, मी चकार शब्द काढला नाही. आता लेक नेली. याचा सूड मी असा घेईन की गाव पाहत राहील. रीत अजून ठरायची आहे.

१४ डिसेंबर.

भिंतीच्या त्या बाजूने हसण्याचा आवाज येतो. दोघी काय बोलत असतील? उभं राहून ऐकायची मला सवय नाही. कुऱ्हाडीला धार लावायचा दगड भिंतीजवळ आहे, म्हणून तिथे बसते. कुऱ्हाडीला आता चांगलीच धार आहे.

एक गोष्ट नोंदवून ठेवते. बाईंना उडदाचे लाडू बांधता येत नाहीत, फुटतात. बाळंतिणीला तेच खाऊ घालणार. मी बांधलेले डबाभर माझ्याकडे पडून आहेत.

२६ डिसेंबर.

राजलिंगमसाहेबांना बोलावून घेतलं. त्यांनी घुमट पाहिला, नळी पाहिली, किल्ली पाहिली. सगळं ठीक. मग गोठ्यात गेले. बराच वेळ चार जनावरांकडे पाहत राहिले.

"अम्मा, कागज पे ग्यारह हैं."

मी छताकडे पाहिलं.

ते चिडले नाहीत. खाली बसून काडीने मातीत समजावलं. अकरांचं पोट आहे, चारांचा घास घालता. रोज आणखी सात गुरांचं ताजं शेण घातलं, कोमट पाण्यात कालवून, घुमटावर कडब्याची ऊब दिली, तर या थंडीतही बारा-तेरा दिवसांत एक बर्नर पुरेसा चालेल. तारीख जानेवारीच्या मध्यावर. उद्यापासून धरलं तर नऊ-दहाला ज्योत लागते. भागीरथा घरी, बाळंतपण माझ्या खोलीत, पाणी माझ्या गॅसवर. बाईंनी लाल सिलिंडरजवळ एकटीने बसावं.

हा सूड पक्का. एक बर्नर असला तरी चालेल.

प्रश्न फक्त सात गुरांचा.

२७ डिसेंबर.

गाव फिरले. भर उजेडात, टोपलं उघडं डोक्यावर घेऊन. कुणी वाईट बोललं नाही. पण या दिवसांत घरोघरी गवऱ्या थापतात, वर्षभराचं जळण त्यातच. चंपाबाईने दोन पो दिले तेही जिवावर आल्यासारखे.

सिलिंडर आल्यापासून गवऱ्या न थापणारं घर गावात एकच आहे. गुरं तिथे मोजून सात. शेण रोज ढिगावर जातं.

२८ डिसेंबर. सकाळ.

तोंडाने सांगणं जमणार नाही, म्हणून आधी इथे लिहून पाहते.

पहिला मजकूर: "तुम्ही माझ्या खड्ड्यात न विचारता शेण टाकलं होतं, तसंच आता विचारल्यावर टाकावं." खोडला.

दुसरा: "देशाच्या कामासाठी." खोडला. देश एवढ्या सकाळी भिंतीपलीकडे जाणार नाही.

तिसरा.

मोठ्या बाई, तुमच्या सात गुरांचं रोजचं शेण मला द्या. त्याचा गॅस झाला की मी माझी लेक तुमच्या घरातून परत नेणार आहे. ती तुमच्याकडे सुखात आहे हे मला दिसतं. तुमच्या ओसरीत तिची छाती वाजत नाही हेही दिसतं. तरी न्यायची आहे. तुमच्या जागी मी असते तर अशा बाईला दारात उभी केली नसती, आणि तुम्हीही करणार नाही, ते मी धरूनच चालले आहे. शेण नाही दिलंत तरी लाडवांचा डबा ठेवून जाईन, तो तिला द्या, माझं नाव सांगितलं नाही तरी चालेल. आणि दिलंतच, तर गड्याला सांगू नका. भरलेलं टोपलं एकटीला डोक्यावर घेता येत नाही, समोरून कुणीतरी हात लावावा लागतो. तेवढा हात तुम्ही लावा.